दोन बागांमधली भाजी

चष्मेवाल्याला संशय आला तो एका चांगल्या मुद्द्यावरून.

नळवाला कधी बोलायचाच नाही असं नव्हतं. वर्षानुवर्षं समोर बसून काही ना काही विचारत आला होता. पण त्याचं विचारणं कसं, तर "हा माणूस सरळ घरी का नाही गेला?" या जातीचं. त्या सकाळी मात्र त्यानं पुस्तकाच्या पानावर आपलं जाडजूड बोट ठेवलं, घसा खाकरला आणि म्हणाला, "मला वाटतं, हा निकाल पडलेल्या घराबद्दल नाहीच आहे. वरच्या मजल्याचा मालक आणि खालच्या मजल्याचा मालक, दोघांना घर बांधून पुन्हा एकत्रच राहायचंय ना? मग हा निकाल भिंतीबद्दल नाही, शेजाराबद्दल आहे."

चष्मेवाला वाचता वाचता थांबला. तो सहसा कुणासाठी थांबत नसे.

"कुणी सांगितलं तुला हे?"

"कुणी म्हणजे? सुचलं."

"तुला?"

"का? मला सुचू नये?"

पण नळवाल्याचे कान लाल झाले होते. बिचाऱ्याची हीच पंचाईत. तोंड खोटं बोलायला निघायचं आणि कान आधीच कबुली देऊन मोकळे व्हायचे.

"संध्याकाळी जरा बसतो आम्ही," तो शेवटी म्हणाला. "मी आणि तो नवीन आलेला लिफ्टवाला. त्याला इथं कुणी जोडीदार नाही."

"बसता म्हणजे काय करता?"

"अरे, वाचतो. सिनेगॉगात बसून दुसरं काय करणार? पत्ते खेळणार?"

चष्मेवाल्यानं पुस्तकात डोकं घातलं आणि पुढची ओळ एवढ्या जोरात वाचली, की बाहेर झाडू मारणारा रखवालदार दारातून डोकावून गेला.

आता यात एवढं काय झालं, असं कुणी म्हणेल. ज्यानं म्हणायचं त्यानं खुशाल म्हणावं, पण त्याला जोडीदार म्हणजे काय ते ठाऊक नाही. ज्यू माणसाला प्रार्थना जशी रोजची, तसा तोराचा, म्हणजे धर्मग्रंथाचा आणि त्यातल्या कायद्यांचा, अभ्यासही रोजचा. धंदा असो, आजारपण असो, घरात लग्न असो, दिवसाचा एक तुकडा त्यासाठी बांधून ठेवायचा आणि त्याला दुसऱ्या कशाचा हात लागू द्यायचा नाही. त्यातही तालमूद, म्हणजे त्या कायद्यांवरचे जुन्या गुरुजनांचे वादविवाद, एकट्यानं मनात वाचायचा नसतो. दोघांनी समोरासमोर बसायचं, मोठ्यानं वाचायचं आणि भांडायचं. एकानं मांडायचं, दुसऱ्यानं मोडायचं. या दुसऱ्याला खव्रूता म्हणतात, म्हणजे जोडीदार. बायको निवडताना माणूस एवढा विचार करत नाही, असं चष्मेवाला म्हणायचा. अर्थात बायको घरात नसताना.

त्याला नळवाला मिळाला तो दुकानातला नळ गळत होता म्हणून. नळवाला ओट्याखाली पाठीवर पडून पाना फिरवत होता आणि हा वर भिंग घासत एक अडलेली ओळ पुटपुटत होता. ओट्याखालून आवाज आला, "पण तो माणूस सरळ घरी का नाही गेला?" झालं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या प्रार्थनेआधी दोघं सिनेगॉगच्या, म्हणजे प्रार्थनाघराच्या, मागच्या लहान खोलीत, बॉयलरला टेकलेल्या टेबलापाशी समोरासमोर बसले, ते आजतागायत बसत होते. त्याला किती वर्षं झाली ते दोघांनाही धड सांगता आलं नसतं. नळवाल्याच्या डोक्यावर तेव्हा केस होते, एवढं खरं.

ही वेळ त्यांनी जिवापाड जपली. अक्कलदाढ काढली त्या दिवशी चष्मेवाला सुजलेल्या गालानं वाचत होता. कुणाच्या घरचा पाइप फुटला की नळवाला अर्धं पान टाकून पळायचा आणि दुपारी ओल्या पँटनं दुकानात येऊन उरलेलं अर्धं पूर्ण करायचा. गिऱ्हाईक डोळे तपासायला खुर्चीत बसलेलं असायचं आणि हे दोघं तिसऱ्याच कुणाच्या हरवलेल्या बैलावरून तावातावानं बोलायचे.

कामाची वाटणीही आपोआप पडली होती. चष्मेवाला वाचायचा, कारण त्याला दम धरवत नसे. त्या पानांवर स्वरांच्या खुणा, म्हणजे काना-मात्रा, नसतात, वाक्य कुठे संपलं त्याची खूण नसते. हा आपला भरधाव सुटायचा आणि नव्या पानावर हमखास आपटायचा. मग नळवाला मान वर न करता म्हणायचा, "मागे जा." हा मागे जायचा. असं एकही नवं पान झालं नाही, ज्यावर "मागे जा" आलं नाही. चष्मेवाल्याला त्याचा राग यायचा, पण शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या सुट्टीच्या दिवशी, नळवाला सासुरवाडीला असला आणि याला एकट्यालाच बसावं लागलं, की त्याच दोन शब्दांवाचून त्याला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

आणि आता हाच माणूस संध्याकाळी दुसऱ्याबरोबर बसत होता!

घरी जाऊन त्यानं बायकोला सांगितलं. खरं तर सांगितलं नाही, भांड्यांची आदळआपट केली, तेव्हा तिनं विचारलं. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं पदराचं टोक तोंडावर धरलं.

"हसतेस काय?"

"हसू नको तर काय करू? इतकी वर्षं मी बहिणीकडे जाते, उशिरा येते, कधी तोंडातून शब्द नाही, की बाई गं, होतीस कुठे. आणि आज नळवाल्यासाठी एवढा थयथयाट? अहो, सवत आली म्हणायची की! माझ्यावर नाही आली, तुमच्यावर आली."

"तुला काही कळत नाही."

"कळतंय हो सगळं. सवत दिसायला कशी आहे?"

"उंच आहे," चष्मेवाला पडेल आवाजात म्हणाला. मग तिचं हसू थांबेना.

सवतीचं दर्शन लवकरच झालं. एका दुपारी तो दुकानात बसून एका काडीचा इवलासा स्क्रू चिमट्यानं पकडत होता. दार उघडलं आणि लिफ्टवाला आत आला. उंच, बारीक, हाताला ग्रीसचा वास, डोक्यावर साधी गोल किप्पा टोपी. माणूस अदबीचा होता, हेच चष्मेवाल्याला पहिल्यांदा खुपलं. उर्मट असता तर बरं झालं असतं.

"वाचायचा चष्मा हवाय," लिफ्टवाला म्हणाला. "बारीक अक्षर धूसर दिसतं. तुमच्या मित्रांनीच तुमच्याकडे पाठवलं."

चष्मेवाल्यानं त्याला खुर्चीत बसवलं, तोंडावर ती जड चौकट चढवली आणि एकेक भिंग सरकवू लागला. नेहमीचाच प्रश्न त्यानं विचारला, पण उत्तर ऐकायची त्याची छाती नव्हती.

"पुस्तक किती लांब धरता?"

"धरत नाही. मध्ये असतं."

"मध्ये म्हणजे?"

"आमच्या दोघांच्या मध्ये. शेजारी शेजारी बसतो ना आम्ही, एकाच पुस्तकावर. म्हणजे मला जरा तिरकं बघावं लागतं."

शेजारी शेजारी! एकाच पुस्तकावर! चष्मेवाल्यानं भिंग उलटं बसवलं, काढलं आणि पुन्हा बसवलं. तो आणि नळवाला जन्मभर समोरासमोर, ज्याचं त्याचं पुस्तक. खांद्याला खांदा कधी लागला नव्हता.

"आणि ते किती छान बोलतात," लिफ्टवाला चौकटीतून भाबडेपणानं म्हणाला.

"कोण?"

"तुमचे मित्र. एकदा सुरू झाले की थांबत नाहीत. काल एका शब्दावर दिवेलागणीपासून बोलत होते. मी आपला ऐकत बसतो."

चष्मेवाल्याला वाटलं, याचा माणूस चुकलाय. नळवाला आणि बोलतो? इतक्या वर्षांत नळवाला एका दमात चार वाक्यं बोललेला त्यानं ऐकला नव्हता. का नव्हता ऐकला? कारण दुसऱ्या वाक्याला हाच त्याला तोडायचा. पण हे त्याला त्या वेळी सुचलं नाही. त्या वेळी त्याच्या अंगाची नुसती लाही लाही होत होती. त्याच्यासाठी दोन शब्द, "मागे जा", आणि या उपऱ्यासाठी प्रवचन!

त्यानं नंबर काढला, अगदी बरोबर काढला. धंद्यात तो कधी हात राखून काम करत नसे. पण चष्मा तयार करून त्यानं खणात टाकला आणि लिफ्टवाला न्यायला आला तेव्हा चेहरा पाडून म्हणाला, "काय सांगू, भिंगच आलं नाही."

"काही हरकत नाही," लिफ्टवाला म्हणाला.

पुन्हा आला, तेव्हाही भिंग आलं नव्हतं. त्याच्या पुढच्या खेपेला भिंग आलं होतं, पण चुकीचं. खणातला चष्मा बाहेर चाललेलं सगळं ऐकत होता. चष्मेवाल्याला लाज वाटली का? वाटली. पण लाजेपेक्षा गंमत जास्त वाटली. अक्षर दिसणार नाही, वाचन बंद पडेल, संध्याकाळ रिकामी होईल, असा त्याचा हिशेब होता.

एका सकाळी नळवाला मोठी जांभई देत टेबलाशी आला.

"झोप झाली नाही का?" चष्मेवाल्यानं गोड आवाजात विचारलं.

"अरे, त्या लिफ्टवाल्याला चष्मा नाही ना अजून. त्याला काही दिसत नाही बिचाऱ्याला. मग सगळं मीच वाचून दाखवतो, मीच समजावून सांगतो. आधी थोडा वेळ बसायचो, आता उठायला उशीर होतो. पण मजा येते हं."

मजा येते! चष्मेवाला दुकान उघडल्याबरोबर खणाशी धावला. दुपारच्या आत तो स्वतः चष्मा घेऊन लिफ्टवाला ज्या इमारतीत काम करत होता तिथं पोचला. लिफ्ट बंद होती, म्हणून जिने चढला आणि धापा टाकत चष्मा त्याच्या हातात कोंबला.

"तुम्ही कशाला आलात? मी आलो असतो की," लिफ्टवाला भारावून म्हणाला. "सांगितलंच होतं त्यांनी मला, की तुमच्यासारखा माणूस मिळणार नाही."

चष्मेवाल्यानं ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि खाली उतरला. जिना उतरताना आपण किती हलकट आहोत हे त्याला लख्ख कळलं. पण त्यानं पोटातलं दुखणं तसूभरही कमी झालं नाही.

इकडे त्यांचा खंड संपत आला होता. तालमूदचे असे पुष्कळ खंड, आणि हा एक खंड दोघांनी मिळून कधी काळी सुरू केला होता. यात हरवलेल्या वस्तू होत्या, रोजंदारीची माणसं होती, पडकी घरं होती. खंड संपला की सियूम करतात. चार लोकांच्या देखत शेवटच्या ओळी वाचायच्या, समजावून सांगायच्या आणि मग गोडधोड खायचं. म्हणून शहाणी माणसं शेवटच्या ओळी आधी वाचतच नाहीत, झाकून ठेवतात. ज्या दिवशी आनंद करायचा त्या दिवसासाठी.

दोघांनी दिवस धरला होता पेसाहच्या आदल्या सकाळचा. पेसाह म्हणजे गुलामगिरीतून सुटल्याचा सण. त्या सुटकेच्या रात्री आलेल्या मरणातून ज्यूंची थोरली मुलं वाचली, म्हणून सणाच्या आदल्या दिवशी घरोघरच्या थोरल्या मुलांनी उपास करायचा असतो. पण त्या सकाळी कुणाचा सियूम असेल तर तो आनंदाचा प्रसंग. त्यात बसलेल्या थोरल्यांनी दोन घास खाल्ले की उपास सुटला. चष्मेवाला घरातला थोरला होता. नळवाल्याला तीन मोठे भाऊ, त्याला उपासाशी कर्तव्य नव्हतं. पण गावातले यच्चयावत थोरले या दोघांच्या भरवशावर होते आणि भेटेल तिथं विचारत होते, "संपतंय ना वेळेवर?"

"शेवटचं पान तेवढं ठेवू," नळवाला म्हणाला होता. "त्या दिवशी तू वाच, मी सांगतो."

सियूमच्या आदल्या दुपारी चष्मेवाला दुकान झाडत होता. पेसाहला घरादारात आंबवलेल्या पिठाचा कणही राहता कामा नये, आणि हा तर रोज भिंग घासता घासता बिस्किटं खाणारा. यंत्राच्या फटीत कण, फ्रेमच्या खोक्यात कण, गल्ल्यातसुद्धा कण. तो गुडघ्यावर बसून जुन्या टूथब्रशनं फटी घासत होता, तेवढ्यात सिनेगॉगचा रखवालदार आला. उद्याच्या केकसाठी किती माणसं धरायची ते विचारायला आला होता, पण आल्यासरशी म्हणाला, "तुमच्या दोस्ताची कमाल आहे. तुमच्याबरोबरही तोच खंड, लिफ्टवाल्याबरोबरही तोच."

चष्मेवाला तसाच गुडघ्यावर राहिला. "तोच?"

"तोच की. लिफ्टवाल्यानं म्हणे आधीच्या गावी अर्धा केला होता, पुढचं इथं धरलं. काल डोकावलो तर शेवटचं पान उघडं होतं समोर. दोघं खुशीत होते."

रखवालदार गेला. चष्मेवाला जमिनीवरच बसून राहिला, हातात टूथब्रश.

म्हणजे संपवलं. त्या उंच माणसाच्या खांद्याला खांदा लावून, एका पुस्तकावर मान वाकवून, आपण झाकून ठेवलेल्या ओळी त्यानं उघडल्या. आणि उद्या आपल्यासमोर बसून जणू काही पहिल्यांदाच बघतोय असा आव आणणार. आणि आपण खुळ्यासारखे वाचणार!

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती कशी जाते ते त्याला त्या दिवशी समजलं. तो उठला, हात धुतले, पुस्तक काढलं आणि भिंग घासायच्या स्टुलावर बसून शेवटचं पान उघडलं. तू वाचलंस ना? मग मीही वाचतो.

वाचताना तो दर ओळीला आपटला. "मागे जा" म्हणायला कुणी नव्हतं, म्हणून स्वतःच मागे गेला. दोन बागा होत्या, एक उंचावर, एक तिच्या खाली. मधल्या उभ्या मातीच्या कडेवर भाजी उगवली होती. वरचा म्हणे माती माझी, भाजी माझी. खालचा म्हणे ती वाढली माझ्या हवेत, भाजी माझी. मग एकानं तोड काढली, की वरच्याचा हात जिथवर पोचतो तिथवर त्याची, उरलेली खालच्याची. त्यालाही पुढे अट घातली होती, की हात जाईल तेवढाच, अंग ओढूनताणून नाही.

शेवटचा शब्द आला आणि खंड संपला. इतक्या वर्षांचा खंड, आणि दुकानात यंत्राच्या पट्ट्याच्या वासाशिवाय काही नव्हतं. कुणी हात मिळवला नाही. कुणी काही खायला दिलं नाही. त्यानं पुस्तक मिटलं आणि टूथब्रश उचलून पुन्हा फटी घासायला लागला.

"उद्या मी उपास करणार," त्यानं घरी सांगितलं. "त्याच्या सियूमचा घास मला नको. चारचौघांत सांगणार आहे, की हा शेवट शिळा आहे."

बायको कपड्यांचे खिसे उलटे करून कण झटकत होती. या वेळी ती हसली नाही. "करा उपास," ती म्हणाली. "पण तो देवासाठी करा. नळवाल्याच्या नाकावर टिच्चून करायचा असेल तर त्यापेक्षा जेवलेलं बरं."

सकाळी मागची लहान खोली माणसांनी भरली होती. बेकरीवाला थोरला, टपालातून निवृत्त झालेला थोरला, तान्ह्या थोरल्याच्या वतीनं आलेला एक झोपाळू बाप. सगळ्यांचा एक डोळा टेबलावर आणि एक कोपऱ्यातल्या झाकलेल्या केकवर. लिफ्टवालाही मागे भिंतीशी उभा होता. तोही थोरलाच निघाला, म्हणजे तिथंही वाटेकरी! नाकावर चष्मा होता आणि चष्मेवाल्याकडे बघून त्यानं तो कौतुकानं सारखा केला.

नळवाला इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. समोर बसला, आपलं पुस्तक उघडलं, बोट पहिल्या ओळीखाली ठेवलं आणि म्हणाला, "वाच."

चष्मेवाल्याच्या ओठांवर ते शब्द आले होते, शेवट शिळा आहे म्हणून. पण आधी वाचू, मग बोलू, असं ठरवून त्यानं सुरुवात केली. एक ओळ झाली, दुसरी झाली. तो नेहमीसारखा भरधाव जात होता आणि कुठे आपटत नव्हता.

आणि मग त्याचं लक्ष नळवाल्याच्या बोटाकडे गेलं. ते बोट सरपटत होतं. शब्दाशब्दावर अडत होतं, मागे येत होतं, पुन्हा पुढे जात होतं. नवं पान असलं की ते बोट असंच चालायचं. या बोटाला चष्मेवाला आपल्या हाताइतकं ओळखत होता. या बोटानं हे पान कधी पाहिलं नव्हतं.

तोंड मात्र वाचतच राहिलं. न चुकता. आता मुद्दाम चुकावं असं त्याच्या मनात आलं, पण तोवर उशीर झाला होता. नळवाल्याचं बोट थांबलं. त्यानं मान वर केली. "मागे जा" म्हणायची वेळ येऊन गेली होती आणि ते म्हणावंच लागलं नव्हतं.

नळवाला टेबलावर पुढे झुकला आणि मागच्यांना ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात म्हणाला, "कुणाबरोबर वाचलंस?"

चष्मेवाल्यानं पाहिलं, त्याचे कान लाल झाले होते. नुसते लाल नाही, भडकलेले. आणि डोळ्यांत जे होतं ते चष्मेवाल्यानं गेले कित्येक दिवस स्वतःच्या आरशात पाहिलेलं होतं.

"कुणाबरोबर नाही."

"खरं सांग."

"एकट्यानं. काल. दुकानात. मला वाटलं, तू त्याच्याबरोबर..."

"आम्ही हे पान उघडलं आणि मिटलं," नळवाला म्हणाला. "त्याला सांगितलं, एवढं मला वाचता येणार नाही. याला माझा माणूस ठरलेला आहे. तो बिचारा बरं म्हणाला." मग म्हणाला, "एकट्यानं वाचायला मन कसं झालं रे तुझं?"

मागे बेकरीवाला खोकला. सणाआधी आंबवलेलं खायची वेळ टळत चालली होती आणि केक तर आंबवलेल्या पिठाचा होता.

"तुला माहितीच आहे सगळं," नळवाला आता मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मग तूच सांग."

"नाही," चष्मेवाला म्हणाला. "तू सांग. मी ऐकतो."

नळवाल्याला वाटलं, थट्टा करतोय. मग त्यानं सांगायला सुरुवात केली. चाचपडत, थांबत, जिथं थांबला तिथं चष्मेवाल्याची जीभ शिवशिवत होती. त्यानं ती दातांखाली धरली. वरचा मालक झाला, खालचा मालक झाला, हात पोचेल तिथवर याची, उरलेली त्याची, ओढाताण करायची नाही. नळवाला बोलता बोलता रंगात आला. हात हलवायला लागला. लिफ्टवाल्यानं खोटं सांगितलं नव्हतं, हा माणूस खरंच छान बोलत होता. इतकी वर्षं समोर बसून चष्मेवाल्यानं ते ऐकलं नव्हतं.

"फक्त एक मला समजत नाही," नळवाला शेवटी म्हणाला. "हे दोघं एवढे भांडले, मोठमोठ्या लोकांनी निकाल दिले. भाजीला कुणी विचारलंच नाही."

सगळे हसले. चष्मेवाला हसला नाही. नळवाला सरळ त्याच्याकडे बघून बोलत होता.

मग खंड संपल्यावरचं म्हणणं आलं. त्यात माणूस पुस्तकाशी बोलतो. आम्ही परत तुझ्याकडे येऊ, तूही आमच्याकडे ये, आम्ही तुला विसरणार नाही, तूही आम्हाला विसरू नको, अशा अर्थाचं. दोघांनी ते एकत्र म्हणायचं ठरवलं होतं. पण ज्याचा खंड आज संपला त्यानंच ते म्हणायचं, आणि चष्मेवाल्याचा तर काल स्टुलावर, हातात टूथब्रश घेऊन संपला होता. आज तो नुसता ऐकणारा थोरला होता, बेकरीवाल्यासारखा. नळवाल्यानं एकट्यानं ते म्हटलं आणि चष्मेवाल्यानं इतरांबरोबर आमेन म्हटलं. ते पान त्या दोघांना पुन्हा कधी पहिल्यांदा वाचता येणार नव्हतं.

केक कापला गेला. नळवाल्यानं एक तुकडा लिफ्टवाल्याला दिला, तेव्हा चष्मेवाल्याच्या पोटात पुन्हा दुखलंच. कोपऱ्यातला मोठा तुकडा होता. दुसरा तुकडा घेऊन नळवाला त्याच्यापाशी आला आणि तो हातात न देता तसाच धरून उभा राहिला. कान अजून लालच होते.

"उद्या नवा खंड," तो म्हणाला. "पहिलं पान एकट्यानं वाचून आलास तर याद राख. तंगडी मोडीन."

चष्मेवाल्यानं मान हलवली. उपास करायचं त्याच्या लक्षातसुद्धा राहिलं नाही. त्यानं नळवाल्याच्या हातातला केक घेतला आणि तिथंच उभ्या उभ्या खाल्ला.